लाल ताऱ्यांचा शोध घेणारे फादर सेक्की

आपल्या वाळूजला एमआयडीसीचे दिवे रात्रभर जळतात, त्यामुळे तारे थोडेच दिसतात. तरीही जानेवारीत संध्याकाळी पूर्वेला मृग नक्षत्र पाहा. त्यातला काक्षी हा तांबूस तारा लहान मुलांनाही ओळखता येतो. तो तांबडा का, हे शोधण्यासाठी एका येशूसंघीय धर्मगुरूंनी रात्रीच्या रात्री जागून काढल्या.

आंजेलो सेक्की यांचा जन्म २८ जून १८१८ रोजी इटलीतील रेज्जो एमिलिया येथे झाला. वडील सुतार होते. १८३३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते येशूसंघात दाखल झाले. १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली, आणि पुढच्याच वर्षी रोममध्ये उठाव होऊन येशूसंघीयांना शहर सोडावे लागले. तरुण फादर इंग्लंडला गेले व तेथून अमेरिकेत जॉर्जटाऊनला. १८४९ मध्ये ते परतले, आणि रोमन कॉलेजची वेधशाळा त्यांच्या हाती आली.

कॉलेजला लागून संत इग्नेशियसचे चर्च आहे. तेथे मोठा घुमट उभारायचा होता. त्यासाठी भक्कम खांब बांधले, पण घुमट काही झाला नाही. शेवटी आत कापडावर घुमट रंगवून वेळ भागवली. त्या रिकाम्या जागी, छतावर, फादरांनी आपली दुर्बीण बसवली. खाली मिस्सा आणि वर तारे!

ताऱ्याभोवती वायूंचे वातावरण असते. त्यातला प्रत्येक वायू प्रकाशातले ठरावीक रंग गिळतो. म्हणून ताऱ्याचा प्रकाश लोलकातून पाहिला, की रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेघा दिसतात, आणि त्यांवरून तो वायू ओळखता येतो. फादरांनी सुमारे चार हजार तारे असे तपासून त्यांचे वर्ग पाडले. पांढरे पहिल्या वर्गात, सूर्यासारखे पिवळे दुसऱ्यात. काक्षीसारख्या लाल ताऱ्यांत मात्र बारीक रेघांबरोबर रुंद काळे पट्टे होते. तो तिसरा वर्ग. हे पट्टे टायटॅनियम ऑक्साइडचे, हे १९०४ मध्ये कळले. असा रेणू तुलनेने थंड ताऱ्यातच टिकतो.

पोपमहाशयांच्या जहाजावरून १८६५ मध्ये त्यांनी समुद्रात पांढरी थाळी सोडून पाणी किती स्वच्छ आहे तेही मोजले. तळ्यांचे पाणी तपासायला ही थाळी आजही वापरतात.

१८७० मध्ये रोम इटलीच्या राज्यात गेले. १८७३ मध्ये कायद्याने संघाची घरे सरकारजमा झाली. सरकारला फादर हवे होते, पण आपला संघ आणि पोप यांना सोडून मानाचे पद घेणे त्यांना पटले नाही. अखेर त्यांना वेधशाळेत राहू दिले. २६ फेब्रुवारी १८७८ रोजी त्यांनी देह ठेवला. पोप नववे पायस त्याच महिन्यात गेले होते. पुढे वेधशाळाही गेली.

काक्षी राक्षसी तारा आहे. छोटे लाल तारे, म्हणजे लाल बटू, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. १९९५ मध्ये कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लीझ २२९ या लाल बटूचा मंद सोबती जाहीर केला. त्याच्या वातावरणात मिथेन सापडला. असा वायू ताऱ्यात टिकत नाही, म्हणून तो तपकिरी बटू ठरला. ओळखण्याची रीत फादरांचीच, प्रकाश फोडून पाहण्याची. २०२४ मध्ये कळले की तो सोबतीही एकटा नाही. दोन तपकिरी बटू सुमारे बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरतात.