लक्ष्मीबाई टिळक

सन १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. पती जिवंत असून वियोग! पुढे जातिभेदाची गाठ मनोमन स्वतःच सोडवून त्या १९०० साली ख्रिस्ती झाल्या. केवळ पतीच्या मागोमाग नव्हे, हे आमच्या प्रचारक बंधूंनी ध्यानात घ्यावे.

१९१७ साली टिळकांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला आणि १९१९ च्या मे महिन्यात ते निवर्तले. हा दुसरा वियोग. अश्रू आटले असे आम्ही म्हणत नाही. परंतु या खेपेस पुनर्भेटीची आशा होती. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. बाईंनी लेखणी उचलून त्यास आणखी ६४ अध्याय जोडिले. १९३६ साली त्या प्रभूकडे गेल्या. ग्रंथ छापून निघाला तो त्यानंतर.