बीपीच्या औषधाची वाट दाखवणारे मुंबईकर डॉक्टर : कोण होते रुस्तम वकील? गोळी असूनही मीठ का कमी करायचे?

दीपनगर : वीजकेंद्राच्या वसाहतीत ‘प्रेशर’ हा शब्द नवा नाही. बॉयलरमधील वाफेचा दाब मर्यादेबाहेर गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. माणसाच्या रक्तवाहिन्यांना अशी झडप नसते. तिथे वाढलेला दाब वर्षानुवर्षे हृदय, मेंदू आणि किडनीवर भार टाकत राहतो, तोही बहुतेकदा काही त्रास न जाणवता. हा दाब औषधाने उतरवता येतो, हे जगासमोर ठळकपणे मांडणाऱ्यांत मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील होते.

कोण होते डॉ. वकील?

त्यांचा जन्म १९११ मध्ये मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण लंडनमध्ये घेऊन ते मायदेशी परतले आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम केले.

तेव्हा बीपीवर उपचार काय होता?

जवळपास नव्हताच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १९४५ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन निधन झाले. त्यांचा रक्तदाब खूप वाढलेला होता आणि डॉक्टरांनी त्यांना कमी मिठाचा आहार दिला होता. त्या काळात विश्रांती आणि आहार हेच डॉक्टरांच्या हातातले मुख्य उपाय होते. जगातल्या बलाढ्य नेत्यासाठीही परिणामकारक गोळी उपलब्ध नव्हती.

वकील यांनी काय केले?

सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यांना शतकानुशतके माहीत होती. निद्रानाश, मानसिक आजार आणि सर्पदंशावर तिची मुळी वापरली जाई. तिने रक्तदाबही उतरतो, असे कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये नोंदवले होते. मात्र ही माहिती देशाबाहेर फारशी पोहोचली नव्हती.

डॉ. वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा दिली आणि दाबातील फरकाच्या नोंदी ठेवल्या. हे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आले. त्यानंतर अमेरिकेत बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी या औषधाच्या चाचण्या घेतल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील शास्त्रज्ञांनी मुळीतून ‘रेसर्पिन’ हा घटक वेगळा केला. तो पुढे जगभर वापरला गेला.

या कामासाठी डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले. हृदयविकाराच्या झटक्याआधी येणाऱ्या छातीदुखीवरही त्यांनी संशोधन केले. ही दुखणी वेळीच ओळखून उपचार करण्यावर त्यांचा भर होता. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज सर्पगंधा घ्यावी का?

स्वतःच्या मनाने मुळीच नाही. रेसर्पिनमुळे काही रुग्णांना नैराश्य येऊ शकते. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली. आज डॉक्टर बहुधा अम्लोडिपीन, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या देतात.

गोळी आहे, मग आहार कशाला सांभाळायचा?

गोळी आली आणि अनेकांनी ताटाकडे पाहणे सोडले. गल्लत इथेच होते. मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतो. रक्ताचे आकारमान वाढते आणि धमन्यांच्या भिंतींवर जास्त दाब येतो. सततच्या दाबाने भिंतींचे आतले अस्तर दुखावते. तिथे कोलेस्टेरॉल साचत जाते आणि वाट अरुंद होते. तिथे गुठळी अडकली तर हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात. रोजचे मीठ जास्त असेल, तर गोळीचा परिणामही कमी पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहून कमी मीठ खावे. पोळी-भाकरीपासून लोणच्यापर्यंत सगळे त्यातच मोजायचे.

खान्देशी ताटात मीठ कुठे दडलेले असते?

* शेवभाजी : शेवेत मीठ असतेच, रश्शात ते पुन्हा पडते. वरची तर्री म्हणजे निव्वळ तेल.
* पापड : मिठाशिवाय पापडखारातही सोडियम असतो. तो चवीला खारट लागत नाही, म्हणून लक्षात येत नाही.
* लोणचे, ठेचा, फरसाण : थोडे थोडे म्हणत दिवसभरात बरेच पोटात जाते. रात्रपाळीत चहासोबतचे फरसाणही त्यात धरा.
* तळणीचे तेल : तेच तेल पुन्हा पुन्हा कडकडीत तापवल्याने त्यात धमन्यांना अपायकारक घटक वाढतात.

मग काय खावे?

कळण्याची भाकरी, डाळ, पालेभाजी आणि बेताच्या तेलातले वांग्याचे भरीत हे घरचे जेवण चांगलेच आहे, फक्त मीठ हात राखून घालायचे. जळगावची केळीही उपयोगी. केळ्यातील पोटॅशियम जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करते. मात्र किडनीचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांनी केळी किती खावीत, हे डॉक्टरांना विचारावे.

लक्षात ठेवा

* रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त भरत असेल, तर पुन्हा मोजून डॉक्टरांना भेटा.
* तिशीनंतर त्रास नसला तरी वर्षातून एकदा बीपी तपासा.
* बरे वाटते म्हणून गोळी परस्पर बंद करू नका.
* जेवताना वरून मीठ घेण्याची सवय मोडा. काही आठवड्यांत जिभेला कमी मिठाची सवय होते.