एकच प्रभू, वेगवेगळी ताटं : पंडिता रमाबाईंची गोष्ट

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये 15:1-29, रोमकरांस पत्र 14:1-12, करिंथकरांस पहिले पत्र 1:10-13



प्रेषितांची कृत्ये वाचत वाचत आज आपण पंधराव्या अध्यायापर्यंत पोहोचलो. मंडळीतलं पहिलं मोठं भांडण याच अध्यायात आहे. यहुदियाहून काही लोक अंत्युखियाला आले आणि तिथल्या नव्या विश्वासणाऱ्यांना सांगू लागले की येशूवर विश्वास ठेवणं पुरेसं नाही. सुंता करा, मोशेचं नियमशास्त्र पाळा, तरच तारण. म्हणजे ख्रिस्ती व्हायचं असेल तर आधी यहूदी व्हा. पौल आणि बर्णबा यांनी याला कडाडून विरोध केला आणि प्रकरण यरुशलेमपर्यंत गेलं.

याच अंत्युखियाचे पुढारी कोण होते, ते तेराव्या अध्यायाच्या पहिल्या वचनात दिलंय. कुप्राचा बर्णबा, निग्र म्हणून ओळखला जाणारा शिमोन, आफ्रिकेतल्या कुरेनेचा लूक्य, हेरोद राजाबरोबर वाढलेला मनाएन आणि तार्सचा शौल. पाच माणसं, पाच पार्श्वभूमी. आणि शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा मिळालं तेही याच गावात.

हा प्रश्न पहिल्या शतकात संपला असं आपल्याला वाटतं. पण सुमारे अठराशे वर्षांनी आपल्याच एका मराठी बहिणीसमोर तो जसाच्या तसा उभा राहिला. म्हणून आज पंडिता रमाबाईंबद्दल लिहितेय. शाळेच्या पुस्तकात त्या समाजसुधारक म्हणून भेटतात. मंडळीतल्या एकतेसाठी त्यांनी काय सोसलं, हे मात्र आपण फारसं बोलत नाही.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकांना संस्कृत शिकवणं पाप मानलं जायचं, तेव्हा त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवलं, आणि लक्ष्मीबाईंनी रमाला. घर असं नव्हतंच; तीर्थयात्रा करत आणि पुराण सांगत कुटुंब फिरायचं. 1874 नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत आईवडील गेले, मोठी बहीणही गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी, पायी पायी देशभर फिरले. 1878 मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या तरुण मुलीचं संस्कृत ऐकलं आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. ते वेगळ्या जातीचे होते. 1881 मध्ये मनोरमा जन्मली आणि 1882 च्या सुरुवातीला बिपिनबाबू गेले. तेवीस वर्षांची विधवा, मांडीवर तान्ही मुलगी. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि 1883 मध्ये छोट्या मनोरमाला घेऊन इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायची इच्छा होती, पण कमी ऐकू येत असल्यानं ते जमलं नाही.

वाँटेज या गावी अँग्लिकन भगिनींचा मठ होता. त्याची शाखा पुण्यातही होती. रमाबाई तिथे राहिल्या. समाजानं टाकलेल्या स्त्रियांना या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात प्रेमानं सांभाळतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि कारण विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाचा चौथा अध्याय, शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. असा तारणारा त्यांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

आपल्या साक्षी सहसा इथे संपतात. रमाबाईंची खरी परीक्षा इथून सुरू झाली.

मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक आई होत्या. रमाबाई त्यांना लाडानं आजीबाई म्हणायच्या. पण या दोघींचे पत्रांतून जोरदार वाद झाले.

पहिला वाद ताटावरचा. रमाबाई शाकाहारी होत्या. अंडं घातलेलं पुडिंगही खायच्या नाहीत. जेराल्डिनबाईंना यात जातीचा जुना अभिमान दिसला. जात तर रमाबाईंनी लग्नाच्या वेळीच सोडली होती. कुणाच्याही पंगतीला बसायला त्यांची हरकत नव्हती. फक्त आपल्या ताटात काय असावं, हे स्वतः ठरवायची मोकळीक त्यांना हवी होती.

इथे जरा थांबून रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय पाहा. रोमच्या मंडळीत कुणी सगळं खायचे, कुणी फक्त भाजीपाला. पौल दोघांनाही एकमेकांचा न्याय करू देत नाही. दोघंही प्रभूचे आभार मानूनच जेवतात, एवढं त्याला पुरतं. पण गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तोच पौल पेत्राला सगळ्यांसमोर सुनावतो. का? यरुशलेमचे लोक आल्यावर पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला म्हणून. एखादा पदार्थ नको म्हणणं वेगळं आणि माणसालाच नको म्हणणं वेगळं. रमाबाईंनी पदार्थ नाकारला होता, माणसं नाही.

दुसरा वाद क्रुसाचा. भारतातल्या भगिनींनी घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी विचारलं की लॅटिनच का? आपल्या संस्कृतात किंवा मराठीत ती ओळ का नको? ज्या बायकांमध्ये काम करायचं त्यांना न कळणारी भाषा पवित्र कशी झाली? क्रूस त्यांना हवाच होता. तो आपल्या लोकांना वाचता यावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तिसरा वाद अधिकाराचा. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात रमाबाई शिकत होत्या आणि शिकवतही होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, असा प्रश्न आला तेव्हा भारतातल्या बिशपांनी नकार दिला. रमाबाईंना हे पटलं नाही. पुरोहितांचं एक जू मानेवरून उतरवून दुसरं चढवायची त्यांची तयारी नव्हती. आपली श्रद्धा पवित्र शास्त्रावर आहे, आणि ते स्वतः वाचून समजून घेण्याचा हक्क आपण सोडणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं. जेराल्डिनबाईंना यात गर्व दिसला. रमाबाईही काही वेळा फार तिखट लिहायच्या. त्रैक्यासारख्या विषयांवर तेव्हा त्यांच्या मनात खरोखरच गोंधळ होता, आणि जेराल्डिनबाईंची काळजी खोटी नव्हती. दोघीही प्रभूवर प्रेम करणाऱ्या होत्या, दोघी दुखावल्या.

त्यातच इंग्लंडमधले वेगवेगळे पंथ पाहून रमाबाई चक्रावल्या. प्रत्येक पंथ आपलीच वाट खरी म्हणणारा. नवीन माणसानं कुठे जायचं? करिंथच्या मंडळीत कुणी पौलाचा, कुणी अपुल्लोसाचा, कुणी केफाचा म्हणवायचा, तोच हा प्रकार. रमाबाईंनी ठरवलं की आपण ख्रिस्ताच्या, आणि त्याचं नाव घेणाऱ्या सगळ्यांशी आपलं नातं.

1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे देशभर फिरून बालविधवांची स्थिती सांगितली. 1887 मध्ये बॉस्टनला त्यांच्या कामासाठी संस्था उभी राहिली, तिच्यात वेगवेगळ्या पंथांचे लोक एकत्र आले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं.

सदनातल्या हिंदू विधवांना आपल्या रीतीप्रमाणे जेवणखाण करायची मोकळीक होती. जी मोकळीक रमाबाईंनी वाँटेजला स्वतःसाठी मागितली, ती त्यांनी इथे इतरांना दिली. स्वतःची प्रार्थना मात्र त्यांनी लपवली नाही; खोलीचं दार उघडं असायचं आणि काही मुली येऊन बसायच्या. 1893 मध्ये यावरून पुण्यात वादळ उठलं. सल्लागार मंडळातले रानडे, भांडारकर बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. शहर एका बाजूला, परदेशी मंडळी दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्याही मते रमाबाई पुरत्या आपल्या नव्हत्या.

याच काळाच्या आसपास त्यांच्या आत काहीतरी घडलं. बाप्तिस्मा होऊन आठेक वर्षं झाली होती. विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचं आत्मचरित्र वाचताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो अजून पुरता मिळालेला नाही. मग त्यांनी स्वतःला बिनशर्त त्याच्या हाती दिलं. वादांतून जी शांती मिळाली नव्हती ती इथे मिळाली.

पुढचं केडगाव आपल्याला माहीत आहे. 1896 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. लहानपणी स्वतः भोगलेली भूक त्यांना तिथल्या मुलींच्या चेहऱ्यावर दिसली. मुलींना घेऊन त्या आल्या आणि पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. 1900 च्या सुमारास तिथे दीड हजारांवर लोक राहत होते. मराठी, हिंदी, गुजराती बोलणाऱ्या, वेगवेगळ्या जातींच्या स्त्रिया. मदतीला आलेले सेवकही निरनिराळ्या देशांचे आणि पंथांचे. 1905 मध्ये तिथे संजीवनाची लाट आली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं रडून प्रार्थना करायच्या. बाहेरच्या काही मिशनऱ्यांना ते आवडलं नाही. स्वतः वेगळ्या रीतीत वाढलेल्या रमाबाईंनी त्या मुलींना गप्प केलं नाही.

आणि क्रुसावरच्या अक्षरांचं काय झालं? आयुष्याची शेवटची वर्षं रमाबाईंनी पवित्र शास्त्राच्या भाषांतराला दिली. त्यासाठी इब्री आणि ग्रीक शिकल्या. साध्या, फार न शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत सगळं शास्त्र आणलं. छपाईचं काम मुक्तीतल्या छापखान्यात मुलींनीच केलं. 1921 मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या.

आजीबाईंशी नातं तुटलं का? नाही. मतं शेवटपर्यंत जुळली नाहीत, तरी पत्रं चालू राहिली. जेराल्डिनबाईंनी ती सगळी जपून, लावून ठेवली, म्हणूनच आज आपल्याला हे वाद माहीत आहेत. ज्या पत्रांत आपल्याला खडसावलंय तीही त्यांनी फेकली नाहीत.

आता आपल्याकडे पाहू या. आंबिवलीहून दोन स्टेशनांवर कल्याण. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या प्रवाशानं कॅलियाना इथल्या ख्रिस्ती लोकांची नोंद केली आहे. तिथला बिशप पर्शियातून नेमला जायचा. ते गाव म्हणजे आपलं कल्याण, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे या खाडीकाठी उपासना झाली तेव्हाही तिच्यात दूरदेशचे सूर मिसळलेले असणार.

आज याच लाइनवर रविवारी सकाळी कुणी मिसाला जातं, कुणी गायनपुस्तक घेऊन उपासनेला, कुणी भाड्याच्या हॉलमध्ये ड्रम आणि कीबोर्डवर स्तुती करतं. मराठी, हिंदी, तमिळ, मल्याळम. छान आहे. पण त्याच हॉलमध्ये एखादी नवीन ताई कपाळाला टिकली, हातात हिरव्या बांगड्या घालून येते, तेव्हा येशू तिला भेटायच्या आधी आपण तिला टिकलीबद्दल सांगतो का? अभंगाच्या चालीवर कुणी प्रभूचं गाणं म्हटलं की नाक मुरडतो, आणि इंग्लिश गाणं न समजताही आत्मिक वाटतं, असं होतं का? दुसऱ्या मंडळीत लग्न ठरलं म्हणून मैत्रिणीशी बोलणं कमी केलंय का?

यरुशलेमच्या सभेनं परराष्ट्रीयांवर सुंतेचं ओझं टाकलं नाही. त्याच वेळी मूर्तींना वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचं मांस आणि जारकर्म यांपासून दूर राहायला सांगितलं. यांतल्या खाण्यापिण्याच्या गोष्टी बहुतेक अशासाठी की यहुदी भावांना त्यांच्याबरोबर जेवता यावं. दोन्ही बाजूंना काहीतरी सोडावं लागलं. एकता स्वस्तात मिळत नाही. रमाबाई आणि आजीबाई, दोघींनीही तिची किंमत मोजली.

आज करून पाहा : ज्या विश्वासणाऱ्याची उपासनेची किंवा जगण्याची रीत तुम्हाला खटकते, त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. आठवड्याभरात त्याच्याबरोबर एकदा जेवा, निदान चहा तरी प्या. दुरुस्त करायला जाऊ नका. प्रभू तुला कसा भेटला, एवढंच विचारा.

प्रार्थना : प्रभू येशू, तू आमच्यासाठी एकच देह दिलास आणि आम्ही त्याचे तुकडे करतो, क्षमा कर. तू जे ओझं टाकलं नाहीस ते आम्ही कुणावर टाकू नये. रमाबाईंसारखं तुझं वचन स्वतः वाचायचं धैर्य दे, आणि न पटणाऱ्या बहिणीचीही पत्रं जपून ठेवणारं मन दे. आमच्या आंबिवलीत, कल्याणात, प्रत्येक छोट्या मोठ्या मंडळीत तुझंच नाव मोठं होवो. आमेन.

उद्याचं वाचन : गलतीकरांस पत्र 2:11-21