जोतीराव फुले आणि शाळेचें शेत

शिरूर तालुक्यांतील करडे हें गांव आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या परिचयाचें असेल. १८७४ सालच्या डिसेंबरांत तेथील एका देशमुखाचें राहतें घर दीडशें रुपयांच्या हुकूमनाम्यापायीं सावकारानें घेतलें व पाडावयास काढलें. गांवानें त्याच्यावर बहिष्कार घातला. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें लोकांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. सुपें त्या वेळीं भीमथडी तालुक्यांत मोडत असे. दौंडही त्याच तालुक्यांत होतें. अशा खतांवर कुणब्याची सही क्वचितच असे. निशाणी म्हणून नांगर काढलेला असे. नांगर धरणाऱ्या हाताला लेखणी ठाऊक नव्हती आणि लेखणी धरणाऱ्याला नांगर ठाऊक नव्हता. या दोन हातांची गांठ गांवच्या शाळेंत घालून द्यावी असा आग्रह ज्यांनीं सरकारदरबारीं धरला, त्या महात्मा जोतीराव फुले यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजीं झाला. वर्षाच्या आंतच आई चिमणाबाई निवर्तल्या. वडील गोविंदराव यांचा फुलांचा व्यापार होता. मुलगा लिहूं-वाचूं लागला तोंच एका कारकुनानें, शिकलेला मुलगा शेतीच्या कामाचा राहणार नाहीं, असें वडिलांच्या मनांत भरविलें. आणि जोतीच्या हातीं पाटीऐवजीं खुरपें आलें. मुनशी गफार बेग व लेजिटसाहेब यांनीं रदबदली केली म्हणून १८४१ सालीं स्कॉटिश मिशनच्या शाळेंत त्यांचें शिक्षण पुन्हां सुरू झालें. कारकुनाचा सल्ला खोटा ठरला हें खरें. परंतु शाळेंत गेलेला मुलगा शेताला मुकतो, ही भीति अगदींच निराधार होती असें आम्हांस वाटत नाहीं. शाळाच तशी होती!

१८४८ सालीं त्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, हें सर्वांस ठाऊक आहे. त्यांनीं सरकारी बांधकामांचे मक्ते घेतले, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. खडकवासल्याच्या धरणाच्या कामांत ते होते. त्या धरणाचा कालवा पुढें दौंड तालुक्यांतील पाटसपर्यंत गेला आहे. नव्या पाण्याला शेतकरी बिचकत. तेव्हां जोतीरावांनीं मांजरीजवळ स्वतः जमीन घेऊन कालव्यावर बागाईत करून दाखविली. सांगण्यापेक्षां करून दाखविणें बरें, अशी त्यांची रीत होती.

१८८२ सालीं हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण-कमिशन बसलें. त्यापुढें १९ ऑक्टोबर रोजीं दिलेल्या निवेदनांत जोतीरावांनीं बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, असें मागितलें. मोडी, बाळबोध, हिशेब, भूगोल यांबरोबर शेतीचीं मूलतत्त्वें व आरोग्याचे नियम शिकवावे. आणि शेतीचे धडे नुसते पुस्तकांतून न देता शाळेला जोडून एक लहानसें नमुन्याचें शेत असावें, जेथें मुलें प्रत्यक्ष काम करून शिकतील, असें त्यांनीं सुचविलें. शिक्षकाविषयींचें त्यांचें म्हणणें तर आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. तो होतां होईल तों शेतकरीवर्गांतला, शिकवून तयार केलेला असावा. वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची त्याला लाज वाटूं नये. आणि त्याचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा. जो धूळ अंगावर घेणार नाहीं, तो शेतावर मुलांना काय दाखविणार?

दुसऱ्याच वर्षीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांतही हाच विचार आहे. पावसाबरोबर डोंगरावरचा पालापाचोळा व जनावरांचें शेण वाहून जातें. तें ओढ्यास जाऊं न देतां लष्करांतील व पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून जागोजाग ताली-बंधारे घालावे, म्हणजे खत शेतांत राहील, पाणी जमिनींत मुरेल व खालच्या विहिरींस झरे फुटतील. श्रावणांत शेतीचीं प्रदर्शनें भरवावीं, आश्विनांत पिकांची व औत हाकण्याची परीक्षा घेऊन बक्षिसें द्यावीं. भीमा आणि घोड नद्यांच्या कांठीं वाढलेल्या, पण उन्हाळ्यांत कोरड्या विहिरी पाहिलेल्या मुलांना यांतलें मर्म फोड करून सांगावयास नकोच.

शाळेचीं तीं शेतें जोतीरावांच्या हयातींत गांवोगांव झालीं नाहींत. १८८८ सालीं अर्धांगवायूनें त्यांचा उजवा हात निकामी झाला. तेव्हां त्यांनीं डाव्या हाताला लिहिण्याची संवय लाविली व ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा ग्रंथ पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें. ग्रंथ पुढल्या वर्षीं छापून निघाला.