फुलांचें गुपित उलगडणारे हेडमास्तर

शाळेच्या हेडमास्तरांनीं एखाद्या रानटी फुलासमोर तासन् तास डोळे लावून बसावें, हें दृश्य आपल्या गांवीं दिसलें तर पालक काय म्हणतील हें सांगावयास नको. जर्मनींतील स्पांडाउ गांवच्या पालकांसहि तसेंच वाटलें. ते हेडमास्तर म्हणजे ख्रिश्चन कोनराड श्प्रेंगेल. फळबागेंत मधमाशी काय काम करते हें आज शाळेंतील मूलहि सांगतें. त्या ज्ञानाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचें नांव अग्रभागीं आहे.

श्प्रेंगेल यांचा जन्म १७५० सालीं ब्रांडेनबुर्ग येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. हाले येथें धर्मशास्त्र व प्राचीन भाषा शिकून त्यांनीं बर्लिनमध्यें कांहीं वर्षें शिक्षकाचें काम केलें व १७८० सालीं ते स्पांडाउच्या शाळेचे मुख्य झाले. प्रकृतीसाठीं मोकळ्या हवेंत फिरावें व वनस्पति पाहाव्या, असा सल्ला त्यांस हाइम नांवाच्या डॉक्टरांनीं दिला म्हणतात. औषध चांगलेंच लागू पडलें!

१७८७ च्या उन्हाळ्यांत एका रानटी जिरेनियमच्या पाकळ्यांच्या बुडाशीं त्यांस बारीक केंस दिसले. हे केंस कशासाठीं? दुसरा कोणी हा प्रश्न सोडून पुढें गेला असता. श्प्रेंगेल यांनीं ताडलें कीं, खालच्या मधुरसांत पावसाचें पाणी मिसळूं नये म्हणून ही योजना आहे. मग रस कोणासाठीं? अर्थात् कीटकांसाठीं. पुढील वर्षीं एका चिमुकल्या निळ्या फुलाच्या मध्याशीं पिवळें कडें दिसलें. तें कीटकास रसाची वाट दाखवितें असें त्यांनीं ठरविलें. कांहीं फुलांत पराग आधीं पिकतो व स्त्रीकेसर मागाहून तयार होतो, हेंहि त्यांनीं पाहिलें. अशा फुलास आपलाच पराग उपयोगीं पडत नाहीं. दुसऱ्या फुलाचा पराग कोणी तरी आणून द्यावा लागतो. (आपल्याकडील तेरड्याची रीत हीच आहे, विद्यार्थ्यांनीं पावसाळ्यांत अवश्य पाहावें.)

शेतकरी ज्यास तण म्हणून उपटून टाकी, त्यापुढें हे गृहस्थ बसत. कलौंजीची एक रानटी बहीण धान्याच्या शेतांत उगवे. तिच्या फुलाची रचना त्यांनीं फार बारकाईनें वर्णिली आहे. अशा ४६१ जातींचीं निरीक्षणें व २५ चित्रपट घालून १७९३ सालीं त्यांनीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्वानांनीं त्याची फारशी दखल घेतली नाहीं. कविश्रेष्ठ गटे यांसहि तो पटला नाहीं. दुसऱ्याच वर्षीं कामाची हेळसांड केल्याच्या आरोपावरून त्यांस शाळा सोडावी लागली. आम्ही स्वतः शिक्षक असल्यामुळें तक्रार करणाऱ्यांस सर्वस्वीं दोष देऊं शकत नाहीं. मास्तर कडक होते, वरिष्ठांशीं त्यांचें पटत नसे, व मुलें तर रोज वर्गांत येऊन बसतच असत.

पुढें बर्लिनमध्यें ते खाजगी शिकवण्या करून राहिले, व रविवारीं हौशी मंडळींस गांवाबाहेर नेऊन वनस्पति दाखवीत. १८११ सालीं त्यांनीं मधमाशांवर एक लहान पुस्तक लिहिलें. मध व मेण हा मधमाशीचा गौण लाभ. बीं व फळ धरणें हाच तिचा खरा उपकार. तेव्हां राज्यानें सैन्याप्रमाणें मधमाशांचेंहि खडें दळ बाळगावें, असें त्यांत त्यांनीं प्रतिपादिलें. युरोपांतील बागाइतदारास यांतील मर्म आज पुरतें कळतें. सफरचंदाच्या बहुतेक जातींस दुसऱ्या जातीचाच पराग लागतो. झाडें फुलतात वसंताच्या आरंभीं, आणि थंडी फार असली तर मधमाशी पोळ्याबाहेर पडत नाहीं. गुबगुबीत भुंगे मात्र तेव्हांहि फिरतात. बाग फुलण्यापूर्वीं ह्या सर्वांस वाळुंजाच्या जातीचीं झाडें व बांधावरील पिवळें रानफूल जगवितें. तें सरसकट उपटून, वर ऐन बहरांत विषारी औषध फवारलें, तर फळ कोठून धरावें? अर्थात् झाडाच्या बुंध्याशीं दाटलेलें गवत पाणी व खत खातें, तें काढावेंच लागतें. कोठें काढावें व कोठें राखावें, यांतच माळ्याची परीक्षा आहे.

श्प्रेंगेल १८१६ सालीं बर्लिन येथें वारले. त्यांचा ग्रंथ पंचवीस वर्षें जवळजवळ विस्मृतींत पडून होता. १८४१ सालीं रॉबर्ट ब्राउन यांच्या शिफारशीवरून तो चार्ल्स डार्विन यांनीं वाचला व त्यांतील निरीक्षणें स्वतः ताडून पाहिलीं. दुसऱ्या फुलाचा पराग मिळाल्यानें संतति जोमदार निपजते, ही जी गोष्ट श्प्रेंगेल यांच्या हातून निसटली होती, ती डार्विन यांनीं वर्षानुवर्षें प्रयोग करून १८७६ सालीं ग्रंथरूपानें मांडली. तोंपर्यंत स्पांडाउच्या हेडमास्तरांची कबर कोठें होती, हें सांगणारें कोणी उरलें नव्हतें.