संगणकाला शब्द शिकविणारी विदुषी

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी झाला. कोणतीही वस्तू आतून कशी चालते, हे पाहिल्यावाचून त्यांना चैन पडत नसे. सात वर्षांच्या असताना त्यांनी गजराचे एक घड्याळ उकलले. ते पुन्हा जुळेना, म्हणून घरातील एकामागून एक अशी सात घड्याळे त्यांनी सुटी केली! अखेर आईने त्यातील एकच घड्याळ त्यांच्या स्वाधीन केले.

पुढे त्यांनी गणिताचा व्यासंग केला. १९३४ साली येल विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट ही पदवी दिली. व्हॅसार कॉलेजात त्या गणित शिकवीत. विवाहानंतर त्या ग्रेस हॉपर या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी नौदलात जाण्याचे ठरविले. त्यांचे वजन नियमापेक्षा कमी भरले. तरीही खास परवानगी मिळवून १९४३ साली त्या नौदलात दाखल झाल्या. हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क वन’ नावाचे ५१ फूट लांबीचे प्रचंड गणनयंत्र होते. त्यावर काम करण्यासाठी त्यांची नेमणूक झाली.

यंत्राला प्रत्येक आज्ञा अंकांच्या सांकेतिक भाषेत द्यावी लागे. तीच ती कामे वारंवार करावयाची असत. म्हणून अशा कामांच्या आज्ञा वहीत टिपून ठेवीत व गरज पडेल तेव्हा उतरून घेत. एक ठराविक काम करणाऱ्या आज्ञांच्या अशा संचाला सबरूटीन म्हणतात. आजचे फंक्शन हे त्याच जातीचे होय. परंतु उतरताना एखादा अंक चुके आणि सारी मेहनत वाया जाई.

हे नकलण्याचे काम यंत्रानेच का करू नये, असा विचार हॉपरबाईंनी केला. १९४९ साली त्या फिलाडेल्फियातील एका संगणक कंपनीत गेल्या. तेथे १९५२ मध्ये त्यांनी पहिला कंपायलर तयार केला. प्रत्येक सबरूटीनला एक क्रमांक दिलेला असे. क्रमांक सांगताच यंत्र ते शोधून योग्य जागी बसवी. परंतु संगणक केवळ आकडेमोड करतो, अशी लोकांची समजूत असल्यामुळे आरंभी त्यांच्या या साधनाला कोणी हातही लावीना.

बाई डगमगल्या नाहीत. व्यापारी कामे करणाऱ्यांना गणिती चिन्हांपेक्षा शब्द जवळचे वाटतात, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून इंग्रजी शब्दांत आज्ञा देण्याची योजना त्यांनी मांडली. शब्द हे यंत्राच्या लेखी निव्वळ खुणा असतात, हे पटविण्यासाठी त्यांनी एकच आज्ञावली इंग्रजी, फ्रेंच व जर्मन अशा तीन भाषांत लिहून दाखविली. शब्द बदलले, तरी काम तेच होते. अधिकारी मात्र प्रसन्न होण्याऐवजी गडबडून गेले. अमेरिकेतील यंत्राला फ्रेंच व जर्मन कसे समजेल, हेच त्यांना उमगेना! शेवटी केवळ इंग्रजीच वापरण्याचे आश्वासन बाईंना द्यावे लागले. त्यातूनच ‘फ्लोमॅटिक’ ही भाषा सिद्ध झाली आणि तिच्या आधारे १९५९ साली ‘कोबोल’ या भाषेची आखणी सुरू झाली.

१९५७ साली आलेल्या ‘फोर्ट्रान’ भाषेची रीत निराळी होती. तीत वर्गमूळ हवे असल्यास फंक्शनचे नाव लिहून पुढे कंसात संख्या मांडीत. कोबोलमध्ये मात्र क्रियापदाने आरंभ होणारे वाक्यच लिहीत. आज पायथॉन भाषेत फंक्शन रचताना ‘डेफ’ हा आखूड शब्द योजतात, तर जावास्क्रिप्टमध्ये ‘फंक्शन’ असा पूर्ण शब्द लिहिता येतो. पोशाख निरनिराळे, पण हेतू एकच : कामाला नाव द्यावे आणि नावाने त्याला हाक मारावी.

१९८६ साली वयाच्या ७९ व्या वर्षी हॉपरबाई रिअर ॲडमिरल या पदावरून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. माणसाने यंत्राची भाषा घोकत बसण्यापेक्षा यंत्रालाच माणसाची भाषा शिकवावी, हा त्यांचा ध्यास होता. लोक हसले, तरी तो त्यांनी सोडला नाही; म्हणूनच संगणकाची दारे असंख्य माणसांना खुली झाली.