देवावर भार टाकलेले तुकोबाराय

पुणे जिल्ह्यात इंद्रायणीच्या काठी देहू हे गाव आहे. या गावी मोरे घराण्यात विश्वंभरबुवा नावाचे थोर विठ्ठलभक्त होऊन गेले. त्यांनी देहूस विठ्ठल-रखुमाईची स्थापना करून देऊळ बांधले व पंढरीची वारी आपल्या वंशाला वारसा म्हणून दिली. त्याच वंशात पुढे काही पिढ्यांनी बोल्होबा व कनकाई यांच्या पोटी तुकोबांचा जन्म झाला. जन्मशकाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, इ.स. १६०८ हे साल पुष्कळांनी मानले आहे.

घर सुखवस्तू होते. शेतीवाडी होती, दुकान होते, सावकारी होती, गावची महाजनकी होती. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे. प्रपंचात लक्ष घालण्यास ते राजी नव्हते, म्हणून तेराव्या वर्षीच व्यापाराचा भार तुकोबांवर आला. तो त्यांनी चांगला पेलला. हिशेब चोख, बोलणे गोड, त्यामुळे पेठेत पत वाढली. पहिली पत्नी रखमाबाई हिला दम्याचा विकार होता, तेव्हा वडिलांनी पुण्याच्या गुळवे घराण्यातील जिजाई हिच्याशी त्यांचा दुसरा विवाह करून दिला. तुकोबा जन्मतःच विरागी होते असे पुष्कळांना वाटते, पण तसे नव्हते. ते कर्ते व्यापारी होते आणि आपल्या कर्तबगारीवर त्यांचा भरवसाही असणार. तो भरवसा कसा मोडला व त्याच्या जागी काय आले, हाच त्यांच्या चरित्राचा गाभा होय.

सतराव्या वर्षी आईबाप गेले. भावजय वारली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. तुकोबांनी मन घट्ट करून व्यापार पुढे चालविला, परंतु त्यात खोट येऊ लागली. अशातच इ.स. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. पाऊस पडला नाही. दाणा मिळेना, गुरे चाऱ्यावाचून मेली, गावेच्या गावे ओस पडली. त्याच काळात विजापूरकरांच्या फौजेने पुणे उद्ध्वस्त केले होते, म्हणजे देहूच्या आसपासही आसरा उरला नव्हता. याच दुष्काळाने तुकोबांचे दिवाळे काढले. ज्यांना कर्जे दिली ते स्वतःच उपाशी, मग वसुली कुणाकडून करावयाची? रखमाबाई अन्नावाचून गेली. पाठोपाठ तिचा लहानगा मुलगा संतू गेला. कालपर्यंत वाट सोडून उभे राहणारे लोक आज तोंड फिरवू लागले. ज्याच्या घरी धान्याची कोठारे, त्याच्याच घरात माणूस भुकेने मरावे, याची लाज तुकोबांच्या काळजात खोल रुतली. पुढे संतांनी आग्रह केला तेव्हा त्यांनी स्वतःची हकिगत सांगितली, तीत ही लाज त्यांनी झाकून ठेवलेली नाही.

अशा वेळी काही माणसे देवाला बोल लावतात, काही पुन्हा कंबर कसून उभी राहतात. तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटा भाऊ कान्होबा शोधीत आला आणि त्यांना घरी घेऊन गेला. घरी आल्यावर त्यांनी पहिले काम कोणते केले? वडिलार्जित सावकारीची खते बाहेर काढली. कान्होबाला प्रपंच होता, म्हणून त्याच्या वाट्याची निम्मी खते त्याच्या हवाली केली आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली.

या कृतीचे कौतुक कीर्तनातून होते ते कुळांची कर्जे माफ झाली म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण तुकोबांची स्वतःच्या मनावरची नजर त्यात दिसते, तीही ध्यानात घ्यावी. कागद पेटीत असता तर दुष्काळ सरल्यावर मन पुन्हा त्या कुळांच्या दाराशी गेलेच असते. आपण मोह आवरू, असा भरवसा त्यांनी स्वतःचा धरला नाही. परतीची वाटच बुजवून टाकली. त्यांच्या अभंगांत ठिकठिकाणी हीच कबुली आहे. मन ओढाळ आहे, आपल्याने आवरत नाही, तेव्हा देवा तूच सांभाळ, असे गाऱ्हाणे ते घालतात. लोक साधू म्हणतात पण आतले दोष आपल्याला ठाऊक आहेत, असेही ते मोकळेपणी सांगतात. थोरांच्या चरित्रात असा कबुलीजबाब क्वचितच आढळतो.

विश्वंभरबुवांचे देऊळ तोवर मोडकळीस आले होते. त्या पडक्या देवळाचा जीर्णोद्धार तुकोबांनी हाती घेतला, तोही घरात दमडी नसताना. महिपतींनी आपल्या संतचरित्रात वर्णन केले आहे की, त्यांनी स्वतः माती खणली, चिखल तुडविला व भिंती घातल्या. हातात पैसा होता तेव्हा देऊळ सुचले नाही आणि पैसा गेल्यावर सुचले. गावाने त्यांना खुळ्यात काढले असल्यास नवल नाही. त्या देवळात एकादशीचे कीर्तन व जागर सुरू झाला. तुकोबा प्रथम कीर्तनकाराच्या मागे उभे राहून ध्रुपद धरीत. भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसून त्यांनी ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, नामदेवरायांचे अभंग यांचे पाठांतर केले. पुढे माघ शुद्ध दशमीला स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी राम कृष्ण हरी हा मंत्र दिला. नामदेवरायांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, आणि अभंगांचा ओघ सुरू झाला.

येथे जिजाईविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. कीर्तनात तिला कजाग म्हणून रंगविण्याची रीत पडली आहे. पण घरी लेकरे, चुलीवर रिकामे भांडे, धनी डोंगरावर. अशा स्थितीत ती बोलली तर तिला दोष कोणी द्यावा? एकदा तिने आपल्या नावावर कर्ज काढून धन्याला व्यापारासाठी भांडवल दिले. नफा झाला, पण वाटेत एक पीडलेला ब्राह्मण भेटला आणि भांडवल व नफा दोन्ही त्याला देऊन तुकोबा रिकाम्या हाती घरी आले, असे महिपती सांगतात. तरीही तुकोबा जेवल्याखेरीज ती जेवत नसे. भाकरी घेऊन भंडाऱ्याचा चढ ती उन्हात चढून जाई. देवावर भार टाकणाऱ्याच्या घरचा अर्धा भार तिने उचलला होता.

कीर्ती वाढली तसा विरोधही वाढला. वाघोलीचे विद्वान रामेश्वरभट्ट यांनी आक्षेप घेतला की, शूद्राच्या मुखातून वेदार्थ निघणे अधर्म आहे. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविण्याची पाळी तुकोबांवर आली. खतांच्या वेळी त्यांनी स्वखुशीने कागद सोडले होते. या वेळी मात्र जीवच पाण्यात सोडल्यासारखे झाले. देवाने सांगितले म्हणून लिहिले, तर देवानेच निवाडा करावा, असे म्हणून ते देवळासमोरच्या शिळेवर अन्नपाणी वर्ज्य करून बसले. तेरा दिवस गेले. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या अशी श्रद्धा आहे, आणि संत बहिणाबाईंच्या अभंगांतही या तेरा दिवसांचा निर्देश आहे.

एवढा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. त्यानंतरचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. वह्या मिळाल्यावर तुकोबांना आनंदाबरोबर पश्चात्तापही झाला. आपण हट्ट धरून देवाला कोड्यात टाकले, त्याला शीण दिला, हा मोठा अपराध घडला, असे सांगणारे त्यांचे अभंग आहेत. भरवशाचीही कसोटी लावायची नसते, हे त्यांना त्या तेरा दिवसांनी शिकविले. रामेश्वरभट्ट पुढे त्यांचे शिष्य झाले. तुकोबांची आरती त्यांचीच मानली जाते. ती शिळा देहूच्या शिळामंदिरात आजही भाविकांना पाहावयास मिळते.

संकटे संपली आणि मोहाचे दिवस आले. भंडाऱ्यावर एकांतात एक स्त्री त्यांच्याकडे आली तेव्हा तिला रखुमाईसमान मानून त्यांनी परत पाठविले, आणि आपल्याला अशा प्रसंगी घालू नकोस म्हणून देवालाच विनविले. शिवाजी महाराजांनी मशाली, छत्र, घोडे आणि द्रव्य असा नजराणा पाठविला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. महाराजांची भक्ती खरी, तुकोबांच्या घरची गरजही खरी. दुष्काळात ज्याने बायको-मुलाला भुकेने गमावले त्याच्या दारात द्रव्याची रास उभी होती, आणि जिजाईची मुले आतच असतील! तुकोबांनी ती सारी रास जशीच्या तशी परत केली. मान आणि धन देऊन देवाने आपल्याला गुंतविण्याचा बेत केला की काय, अशी भीतीच त्यांना वाटली. दिवाळे निघाले ते बरे झाले, असे म्हणणाऱ्या या माणसाला श्रीमंती परत येताना पाहून धाक वाटावा, यात नवल नाही.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे इ.स. १६५० मध्ये, तुकोबा वैकुंठाला गेले. ती तिथी तुकाराम बीज म्हणून पाळली जाते. जिजाई त्या वेळी गरोदर होती. तिला मुलगा झाला, त्याचे नाव नारायण. या नारायणबाबांनी इ.स. १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून त्या आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुकांसह पंढरीला नेण्याचा सोहळा सुरू केला. तुकोबांची पालखी दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूच्या त्याच विठ्ठल मंदिरातून निघते.